डिस्क तुझी, मजकूर कोणाचा?

बिटकॉइनचा नोड लावतोयस, लाव. मी आडवी येणार नाही. पण जगभरातल्या अनोळखी माणसांनी लिहिलेलं सगळं घरातल्या यंत्रात साठवायचं आणि मागेल त्याला त्याची प्रत द्यायची, असा तो उद्योग आहे. तेव्हा फौजदारी कोर्टात केस पिकलेल्या आत्याचं थोडं ऐकून घे. ब्लॉकचेन म्हणजे तुमची ती साखळी कशी चालते ते तू मला समजावलंस. तिच्यावर कोणी भलतंच काही डकवलं तर तुझ्यासारख्याचं काय होऊ शकतं, ते मी सांगते.

आधी तुझ्या मित्रमंडळींचं लाडकं वाक्य टाकून दे: ‘साखळी विकेंद्रित आहे, त्यामुळे कोणीच जबाबदार नाही.’ हे वाक्य चर्चासत्रात खपतं, पोलीस ठाण्यात उच्चारू नकोस. फौजदारी कायदा साखळीला आरोपी करत नाही. ज्याच्या घरात यंत्र, ज्याच्या नावावर इंटरनेटची जोडणी, त्याच्या दारात पोलीस येतात. तिथे तत्त्वज्ञान सांगत बसलास की समोरच्याचा समज एकच होतो: याला सगळं माहीत होतं आणि उत्तरही तयार होतं.

असा मजकूर साखळीवर खरंच आहे का, असं तू मागे विचारलं होतंस. पैशापलीकडचा मजकूर तर पहिल्या दिवसापासून आहे. ३ जानेवारी २००९ च्या बिटकॉइनच्या पहिल्याच ब्लॉकमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा बँकांच्या मदतीबद्दलचा मथळा कोरलेला आहे. पुढे लोकांनी नेल्सन मंडेलांना श्रद्धांजली म्हणून त्यांचं चित्र टाकलं, बिटकॉइनचा मूळ शोधनिबंध पीडीएफसकट टाकला, विकिलीक्सच्या राजनैतिक तारांचा गठ्ठा टाकला. एका मायनिंग पूलने तर २०११ मध्ये कॅथलिक प्रार्थना कोरल्या. माणसाला भिंत दिसली की नाव लिहावंसं वाटतंच. २०१४ मध्ये ‘स्टोन्ड’ नावाच्या जुन्या डॉस व्हायरसची खूण कोणीतरी साखळीवर टाकली आणि मायक्रोसॉफ्टचं अँटिव्हायरस निरपराध लोकांच्या बिटकॉइनच्या फायलींवर बोंबलू लागलं. ती निव्वळ खूण होती, चालणारा व्हायरस नव्हता. पण एका माणसाने केलेल्या खोडीने हजारो अनोळखी यंत्रांत गोंधळ उडू शकतो, हे तेव्हा दिसलं. पुढच्याच वर्षी इंटरपोलने सिंगापूरच्या परिषदेत इशारा दिला की हीच वाट व्हायरसला आणि बालशोषणाच्या चित्रांनाही मोकळी आहे.

तो इशारा हवेतला नव्हता. २०१८ मध्ये आखेन आणि फ्रँकफर्ट इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी बिटकॉइनची साखळी विंचरून काढली. तपासलेल्या सुमारे २५ कोटी व्यवहारांपैकी १.४ टक्के व्यवहारांत पैशापलीकडचं काहीतरी होतं आणि त्यातून १,६०० हून जास्त फायली हाती लागल्या. बहुतेक निरुपद्रवी. पण दोन फायलींत मिळून बालकांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराकडे नेणारे २७४ दुवे होते, त्यांतले १४२ टोरच्या अंधाऱ्या गल्लीतले. दुवे होते, चित्रं नव्हेत, हा फरक लक्षात ठेव. मात्र २०१९ च्या फेब्रुवारीत बिटकॉइन एसव्ही या फुटून निघालेल्या साखळीवर, तिने मजकुराची मर्यादा वाढवल्यावर, खुद्द चित्रंच टाकली गेली. बीबीसीने ती बातमी दिली होती. तेव्हा ‘असं कोण करेल’ हा प्रश्न निकालात निघालेला आहे.

आता कायदा. नीट ऐक, कारण इथे वकीलसुद्धा गडबडतात.

आपल्याकडे या मजकुराबाबत दोन कायदे बोलतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम १५. ६७ब मधली क्रियापदं मोजून बघ: असा मजकूर प्रसिद्ध करणं, पाठवणं, गोळा करणं, शोधणं, चाळणं, उतरवून घेणं, त्याची जाहिरात किंवा देवाणघेवाण करणं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘शोधणं’ आणि ‘चाळणं’ ही दोन क्रियापदं तुझ्यासारख्या जिज्ञासू पोरांसाठीच लिहिली आहेत असं समज. आखेनचा निबंध वाचून ‘बघूया तरी कुठे आहे ते’ म्हणून साखळी उकरायला बसलास, तर अपघाताने साठवलेल्या मजकुराचा बचाव तू स्वतःच्या हाताने पुसून टाकलास. संशोधन, पत्रकारिता, कुतूहल, काहीही कारण असो, शोधायला जाऊ नकोस. मला विचारशील तर सगळ्या कानमंत्रांत हा पहिला.

पॉक्सोचं कलम १५ २०१९ मध्ये सुधारलं. ते तीन पायऱ्यांनी चढतं. असा मजकूर साठवला किंवा ताब्यात ठेवला आणि पुढे देण्याच्या हेतूने तो नष्टही केला नाही, कळवलाही नाही, तर किमान पाच हजार दंड. पाठवण्यासाठी, पसरवण्यासाठी, दाखवण्यासाठी ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. व्यापारासाठी ठेवला तर तीन ते पाच वर्षं. आणि कलम ३० सांगतं की जिथे आरोपीची मनःस्थिती हा गुन्ह्याचा भाग आहे, तिथे ती होती असं न्यायालय धरून चालेल. नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता. एरवी सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर असतं. इथे ते तुझ्या खांद्यावर येऊन बसतं.

आता नोड स्वभावतःच काय करतो? साठवतो आणि पाठवतो. म्हणजे कलमातल्या दोन्ही क्रिया दिवसरात्र चालू. मग तुझ्या आणि आरोपपत्राच्या मध्ये उभं काय आहे? जाणीव आणि हेतू. बाकी काही नाही.

२३ सप्टेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून वाच, चंद्रचूड आणि पारडीवाला यांचा. त्याच वर्षी जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने नुसतं उतरवून घेणं आणि पाहणं गुन्हा नाही असं म्हटलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. ताबा म्हणजे फायली मोबाइलमध्ये सापडणं एवढंच नव्हे, असं न्यायालय म्हणालं. वस्तूवर नियंत्रण ठेवण्याची शक्ती आणि तसा हेतू असला की हातात वस्तू नसतानाही ताबा धरता येतो. आणि पुढे देण्याचा हेतू तुझ्या वागण्यातूनच ओळखायचा: कळल्यावर तू ते नष्ट केलंस का, कळवलंस का, की गप्प बसलास.

हा निकाल नोडबद्दल नाही, मोबाइलमधल्या फायलींबद्दल आहे. पण यातून तुझ्यासाठी दोन्हीकडची शस्त्रं निघतात. घरमालकाला भाडेकरूने माळ्यावर ठेवलेल्या बंद पेटीत काय आहे हे माहीत नसेल, तर त्या पेटीचा जाणीवपूर्वक ताबा त्याच्याकडे आहे असं म्हणणं कठीण. ज्या क्षणी त्याने पेटी उघडून पाहिली, त्या क्षणापासून त्याचं प्रत्येक पाऊल मोजलं जातं. तुझ्या डिस्कवरच्या शेकडो जीबीत नेमकं काय आहे हे तुला ठाऊक नाही, तोवर तू पहिला मालक. कोणीतरी व्यवहाराचा क्रमांक देऊन ‘अमुक ब्लॉकमध्ये अमुक आहे’ असं सांगितलं, की तू दुसरा.

म्हणून सांगते, कळल्यानंतरचा पहिला तास हा सगळ्या खटल्याचा गाभा आहे. त्यात काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव, तेव्हा डोकं चालत नाही.

खात्री करायला उघडू नकोस. बाइट्स जोडून चित्र बनवणं ही तुझी कृती होईल, साखळीची नव्हे. पडद्याचं छायाचित्र घेऊ नकोस. ‘हे बघा काय भयंकर आहे’ म्हणून मित्रांच्या ग्रुपवर टाकू नकोस, मलासुद्धा पाठवू नकोस. चांगला हेतू इथे कसा गळ्याशी येतो ते जर्मनीने पाहिलं. त्यांनी २०२१ मध्ये असा मजकूर बाळगण्याची किमान शिक्षा एक वर्षावर नेली. झालं काय, तर मुलांच्या वर्गाच्या ग्रुपवर आलेलं चित्र इतर पालकांना सावध करायला पुढे पाठवणारे आईबाप आणि शिक्षक त्याच गंभीर कलमात सापडू लागले. शेवटी २०२४ मध्ये ती किमान शिक्षा खाली आणावी लागली. आपल्या कलम १५ मध्ये कळवण्यासाठी आणि कोर्टात पुराव्यासाठी ठेवण्याला अपवाद आहे खरा. पण तो अपवाद तुला लागू पडतो का, हे ठरवणारा तू नाहीस. तो वापरायची वेळच येऊ देऊ नकोस.

मग करायचं काय? लिहून काढ. व्यवहाराचा क्रमांक, ब्लॉकची उंची, कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती चालू होती, तुला कोणी, केव्हा, कसं सांगितलं. चित्र जोडायचं नाही, पत्ता द्यायचा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतला ११ वा नियम नेमकं हेच मागतो: मजकूर कोणत्या उपकरणावर आढळला, कोणत्या मंचावर दिसला. कळवायचं विशेष बाल पोलीस पथकाला, स्थानिक ठाण्याला किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर. पोर्टलवर या प्रकारच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, पण तू नाव देऊनच कर. निनावी तक्रार जगाच्या उपयोगाची, पोचपावती तुझ्या उपयोगाची. आणि गुन्हा झाल्याचं माहीत असून कळवलं नाही तर त्याची वेगळी शिक्षा पॉक्सोच्या कलम २१ मध्ये आहे, सहा महिन्यांपर्यंत.

‘नष्ट करा’ असं कलम म्हणतं, मग मी लगेच डिस्क फॉरमॅट करू का? इथेच हुशार माणसं स्वतःचा घात करतात. आधी नोड बंद कर, म्हणजे पाठवणं थांबेल. मग कळव. मग पोलिसांना लेखी विचार की प्रत पुसू का. त्यांच्या सूचनेची किंवा निदान तुझ्या पत्राच्या पोचपावतीची नोंद हातात आली की पुस. पण जर आधीच नोटीस आली असेल, किंवा तपास सुरू आहे हे तुला कळलं असेल, तर एका बाइटलाही हात लावू नकोस. तेव्हा पुसणं म्हणजे पुरावा नाहीसा करणं, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेत २३८ आणि २४१ ही कलमं आहेत. २४१ तर इलेक्ट्रॉनिक नोंदीचं नाव घेऊनच बोलतं. मूळ आरोपातून सुटलेली आणि पुसापुशीत अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

जप्ती झालीच तर आरडाओरडा नको. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्याची आठवण नम्रपणे करून दे. पंचनाम्यात डिस्कचा अनुक्रमांक आणि जमेल तिथे हॅश लिहून घ्यायला सांग. तुम्ही लोक हॅशवर जीव टाकता ना, मग ऐक: साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच आता हॅशचा रकाना आहे. पहिल्या दिवशी हॅश नोंदला गेला, तर नंतर डिस्कमध्ये काय ‘सापडलं’ यावर वाद घालायला तुझ्याकडे पाया राहतो. कोऱ्या कागदावर सही नाही. पासवर्ड सांगण्याआधी मला फोन.

एवढी वेळ येऊ नये म्हणून यंत्राची मांडणी आधीच शहाणपणाने कर. घरच्या वापराला पूर्ण साखळी लागते कुठे? छाटलेला नोड चालव. तो सगळे ब्लॉक तपासतो, पण जुने टाकून देतो. ब्लॉकच्या फायलींना ५५० एमबीही पुरतात. असा नोड दुसऱ्यांना फार तर शेवटचे २८८ ब्लॉक देतो, म्हणजे साधारण दोन दिवसांचे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या बंद ठेव, म्हणजे तुझ्याकडून प्रती वाटल्या जाणं जवळपास थांबतं. तुझ्यातला आदर्शवादी म्हणेल की मग मी जाळ्याला काय दिलं? जाळ्याची सेवा करायची असेल तर कंपनी काढून, वकील ठेवून कर. आईच्या नावावरच्या ब्रॉडबँडवर नको.

दुसरं, बिटकॉइन कोअर २८ पासून नव्या नोडवर ब्लॉकच्या फायली एका किल्लीने उलटसुलट करून डिस्कवर लिहिल्या जातात. अँटिव्हायरसच्या त्या बोंबाबोंबीवर हा चांगला उपाय आहे. पण ती किल्ली त्याच फोल्डरमध्ये असते, त्यामुळे ‘माझ्याकडे तर निव्वळ कचरा बाइट्स होते’ असा बचाव त्यावर उभारू नकोस. सरकार पक्षाचा तज्ज्ञ दोन मिनिटांत तो पाडेल.

तुमच्यात सध्या पेटलेल्या भांडणाबद्दलही माझं मत घे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअरच्या ३० व्या आवृत्तीने एका व्यवहारात मजकूर वाहून नेण्याची ठरीव मर्यादा ८३ बाइट्सवरून एक लाखावर नेली. बिटकॉइन नॉट्स हे दुसरं सॉफ्टवेअर चालवणारे म्हणतात, यामुळे अखंड चित्र सरळ साखळीत बसेल आणि नोडवाल्यांच्या मानगुटीवर कायदा बसेल. कोअरवाले म्हणतात, २०२३ पासून साखळीवर चित्रं कोरणारे ऑर्डिनल्सवाले हे दुसऱ्या दाराने करतच आहेत, गाळणी लावून काही थांबत नाही. तांत्रिक बाजूने मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. १ फेब्रुवारी २०२३ चा तो जवळजवळ चार एमबीचा ब्लॉक आठव. त्यातलं चित्र नोडच्या नेहमीच्या नियमांत बसतच नव्हतं, मायनिंग पूलने ते थेट स्वीकारलं. ब्लॉक बनला की तो गाळणीवाल्याच्याही डिस्कवर येतो. पण कोर्टात प्रश्न परिणामाचा नसतो, वागणुकीचा असतो. मी अडवायचा प्रयत्न केला, ही माझी सेटिंग्जची फाइल, असं दाखवणारा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात बरा दिसतो. म्हणून मर्यादा घट्ट ठेव आणि ती कधी ठेवलीस याची नोंद ठेव. संघ कोणता ते तुझं तू बघ.

मायनिंगच्या फंदात मात्र पडू नकोस, निदान स्वतः ब्लॉक बांधण्याच्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं, पण कुणाला? ज्याने निरोप सुरू केला नाही, कोणाला जावा ते ठरवलं नाही, आतला मजकूर निवडला किंवा बदलला नाही त्याला. साधा नोड या वर्णनात बसवायला वकिलाला वाव आहे. ब्लॉक बांधणारा मात्र शुल्क बघून व्यवहार वेचतो, एक घेतो, दुसरा ठेवतो. ‘मी निवडलं नाही’ हे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि कोणाकडून जास्तीचे पैसे घेऊन मोठा मजकूर थेट आत घेतला असेल तर सगळाच बचाव संपला. पूलला नुसती संगणनशक्ती भाड्याने देणारा माणूस वेगळा. निवड त्याची नसते.

वॉलेटमध्ये नको ते टोकन कोणी टाकलं तर? हे होतं, कारण तुझा पत्ता माहीत असलेला कोणीही तुला काहीही पाठवू शकतो. इथे घाबरायचं कारण कमी. ऑर्डिनल असेल तर तुझ्याकडे आहे एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात छोटा तुकडा. चित्राचे बाइट्स साखळीत भलत्या जागी पडलेले आहेत. एनएफटी असेल तर बहुधा नुसता दुवा आहे आणि फाइल आयपीएफएस या सामायिक साठवणीच्या जाळ्यावर किंवा कोणाच्या तरी सर्व्हरवर. तो दुवा उघडू नकोस, विकू नकोस, गंमत म्हणून दुसऱ्याला पाठवू नकोस. नाण्यांची निवड हाताने कर म्हणजे तो सातोशी चुकून कोणाला खर्चात जाणार नाही. आणि आयपीएफएसवर कधीही न तपासता काही पिन करू नकोस. तिथे पिन करणारा हाच साठवणारा.

आता तुमच्या त्या साइटविषयी. तुम्ही तिघं मिळून साखळीवरची चित्रं दाखवणारं दालन काढताय, ते मला घरच्या नोडपेक्षा दसपट धोक्याचं वाटतं. साखळीतून चित्र पुसता येत नाही हे मान्य. पण तुमच्या सर्व्हरवर बनलेली छोटी प्रत, तुमचा कॅश, तुमच्या शोधपट्टीतला निकाल, हे सगळं तुमचं आहे आणि एका आज्ञेत पुसता येतं. तिथे ‘ब्लॉकचेन अपरिवर्तनीय असते’ हे उत्तर न्यायाधीशांना उद्धटपणाचं वाटेल. चित्रं आपोआप उघडू देऊ नका. रोखायच्या क्रमांकांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक लावा. मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांनी ते बंधनकारकच आहे. बदनामीसारख्या साध्या वादांत प्रत्येक आलतूफालतू मेलवर मजकूर खाली घ्यायची गरज नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची सूचना असा अर्थ लावला आहे. बालकांच्या बाबतीत मात्र कोणाच्या हुकमाची वाट बघायची नाही. २०२४ च्या निकालाने पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवणं हा कलम ७९ च्या संरक्षणाचाच भाग केला आहे. आणि कंपनीने गुन्हा केला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे कारभार पाहणारा माणूसही त्यात येतो, तेव्हा तिघांपैकी कोण काय पाहतो ते कागदावर ठरवा. मैत्रीत हे विचारायला संकोच वाटतो. आरोपपत्रात तिघांची नावं एका ओळीत आली की तो जातो.

अजून एक खोड सोड. ‘अशक्य आहे’ असं कोर्टात म्हणू नकोस. २०१६ मध्ये ‘द डाओ’मधून ३६ लाखांच्या आसपास इथर पळवले गेले, तेव्हा अपरिवर्तनीय म्हणवणाऱ्या इथेरियमच्या मंडळींनी एकत्र येऊन नियमच बदलले आणि पैसे परत फिरवले. जुनी नोंद पुसली नाही, तिचा परिणाम पुसला. समोरचा वकील हे वाचून आलेला असेल. तू एवढंच म्हण: ‘मला एकट्याला हे शक्य नाही, माझ्या हातात होतं ते मी केलं, ही त्याची नोंद.’

या साखळीला मी सरसकट शिव्या घालते असं समजू नकोस. २०१८ च्या एप्रिलमध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचं लैंगिक छळाच्या जुन्या प्रकरणाबद्दलचं खुलं पत्र चिनी संकेतस्थळांवरून पुसलं जात होतं, तेव्हा कोणीतरी ते इथेरियमच्या एका व्यवहारात कोरलं आणि ते टिकलं. सरकारला ते रुचणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०१९ पासून तिथल्या ब्लॉकचेन सेवांना नोंदणी करून वापरणाऱ्यांची खरी ओळख ठेवावी लागते. जी न पुसण्याची ताकद त्या मुलीच्या कामी आली, तीच शोषण झालेल्या मुलाच्या छायाचित्राला कायमचं चिकटून राहते. दोन्ही खरं आहे, आणि यावर सोपं उत्तर सांगणाऱ्या माणसाकडून कायद्याचा सल्ला घेऊ नकोस.

खाजगी माहितीचं तेच. तुमची प्रमाणपत्रं पडताळण्याची दुसरी कल्पना मला खरंच आवडली. आपल्याकडे गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉनच्या साखळीशी जोडण्याचा प्रकल्प झाला, खोट्या दाखल्यांना चाप बसावा म्हणून. पण तुम्ही करताना माणसाचं नाव, जात, जन्मतारीख साखळीवर चढवू नका. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलाय आणि तुम्ही ती पुसता न येणाऱ्या जागी ठेवणार, मग उत्तर काय देणार? युरोपच्या विदा संरक्षण मंडळानेही एप्रिल २०२५ च्या मसुद्यात हाच सल्ला दिला. कागद तुमच्या सर्व्हरवर, हॅश साखळीवर. तोही ‘मीठ’ घालून, म्हणजे आधी एक गुप्त यादृच्छिक आकडा मिसळून. नुसत्या आधार क्रमांकाचा हॅश म्हणजे झाकण नव्हे. बारा आकड्यांचे सगळे पर्याय संगणक बसल्या बसल्या मोजून काढतो.

आणि एक फोन येईल. ‘तुमच्या आयपी पत्त्यावर बालकांचा अश्लील मजकूर सापडला आहे, आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, कॅमेरा चालू ठेवा, खोलीतून हलू नका.’ नोड चालवणाऱ्याच्या पोटात आधीच धाकधूक असते, त्यामुळे तो लगेच विश्वास ठेवतो. व्हिडिओवरची अटक असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस प्रकरण मिटवायला बिटकॉइन मागत नाहीत. फोन ठेव, पैसे गेले असतील तर १९३० लाव, आणि खरंच कोणी अधिकारी असेल तर त्यांना म्हण, नोटीस लेखी द्या, मी माझ्या वकिलांसह हजर राहतो. वकील म्हणजे मी. साइट चालू करण्याआधी तक्रारीच्या नोंदवहीचा नमुना, तुमच्या तिघांचा करार आणि सेटिंग्जची ती फाइल छापून घेऊन ये. शनिवारी दुपारी मी घरीच असते.